शेवटच्या पानांवरची सूची

खोली एकशे चौदा. हीटर खोकतो आहे.
बाहेर उणे एकतीस, आणि खाणीच्या ढिगाऱ्यांवर
बर्फसुद्धा तांबूस.
मिसेस ऑस्लुंड म्हणतात, कव्हर ठरवा, मुलांनो, कव्हर.
डेल झुपानला हवा गरुड,
मला हवं साधं, खनिजाच्या रंगाचं कापड,
वर फक्त साल: एकोणीसशे शहाऐंशी.
दोन आठवडे भांडलो. शेवटी गरुडच,
पण कोपऱ्यात, चिमणीएवढा.

विकणं त्याहून अवघड.
त्या वर्षी खाणीतल्या अर्ध्या पाळ्या बंद,
चौदा डॉलर म्हणजे हिवाळी बुटांच्या जोडीतला एक बूट.
रोज सकाळी लाउडस्पीकरवरून मी सांगायचे,
आठवणी संपत आल्या, आजच नोंदवा!
आणि वर्गावर्गांतून हसू यायचं, कारण
आठवणी अजून घडायच्याच होत्या.
हॉकीच्या सामन्यांना रिंकच्या दाराशी टेबल मांडलं,
नोंदणी करणाऱ्याला कोको फुकट.
कोको संपला. नोंदण्या नऊ.

मार्चमध्ये सूची.
मिसेस ऑस्लुंडचा नियम:
प्रत्येकाचं नाव पुस्तकात तीनदा तरी यायलाच हवं.
चपलांच्या खोक्यात चिठ्ठ्या, एकेका नावाची एक.
हॉकीच्या कप्तानापुढे आकड्यांची मालगाडी
आणि मार्नी निएमीपुढे बावीस.
एवढंच. बावीस.
ओळीत उभं करून काढलेला, सगळ्यांचाच असतो तो.

कॅमेरा घेऊन तिला शोधत फिरले.
ग्रंथालयात नाही, कॅन्टीनमध्ये नाही.
"असते की," डेल म्हणाला, "कुठेतरी असतेच ती."
संध्याकाळी सामना संपल्यावर दिसली,
गुडघ्याएवढे रबरी बूट, लांब दांड्याचं फावडं,
वडिलांच्या जागी रिंकवरचा बर्फ खरवडताना.
तीन महिने माझ्या टेबलापासून वीस पावलांवर.
मी कॅमेरा उचलला. तिने हात आडवा धरला.
"आत्ता नको. डिझेलचा वास येतोय मला."
फोटोत वास येत नाही
हे मला घरी गेल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या कॉन्टॅक्ट शीट काढल्या, भिंग घेतलं.
गोल झाल्यावर उड्या मारणारा संघ, मागे तिचं फावडं.
मिरवणुकीच्या कडेला दोर धरून तीच.
बँडची बस ढकलणारे सात जण,
आणि आठवं एक कोपर.
अकरा फोटो.
प्रत्येकावर लाल मेणपेन्सिलची रेघ,
तिच्या खांद्यातून, कानावरून, गुडघ्याच्या जरा वर,
सरळ, सफाईदार.
रेघा माझ्याच हातच्या.
चौकट स्वच्छ हवी, हे नव्या मुलांना मीच शिकवलेलं.

स्पिरिट, कापूस. पुसत बसले.
अकरांतले पाच बसले पुस्तकात.
कप्तान आक्रसला, ओरडला, मग विसरला.
अख्खं पान दिलं नाही मी तिला,
तेवढी हिंमत नव्हती.
पण सूचीत आता: बावीस, एकतीस, चाळीस,
सत्तेचाळीस, अठ्ठावन्न, त्रेसष्ट.

जूनमध्ये खोकी आली. गरुड बरा दिसत होता.
आणि तिच्या आडनावात
आय आणि ई यांची अदलाबदल.
सहाही पानांवर, शिवाय सूचीत.
चिठ्ठी माझ्याच अक्षरातली.

मी काही बोलायच्या आत
पायऱ्यांवर बसलेल्या तिने हात पुढे केला,
"आण इकडे," आणि खिशातून निळं पेन.
माझी प्रत झाली. मग डेलची.
मग मागे रांग लागली, कशी कुणास ठाऊक.
"दुरुस्तीचे दहा सेंट," ती म्हणाली, न हसता.
दिले लोकांनी. कप्तानानेसुद्धा.
शाळेत इतक्या पुस्तकांत
दुसऱ्या कुणाचंच अक्षर नसेल.

एकशे सात प्रती. दहा डॉलर सत्तर.
उरलेले तीन डॉलर तीस मिसेस ऑस्लुंड पर्समधून काढू लागल्या.
ती नको म्हणाली. स्वतःचे टाकले
आणि खोक्यातली शेवटची प्रत उचलली.

मी म्हटलं, हिच्यातलं राहिलंय.
"राहू दे," मार्नी म्हणाली,
"माझं नाव मला येतं."